आधी पाणी, मग नाव

माझ्या हातून एक उत्तरपत्रिका चुकीची तपासली गेली, असे मी अनेक वर्षे स्वतःला समजावत आलो. ते खरे नाही. ती उत्तरपत्रिका मी नीट वाचली होती, पुन्हा एकदा वाचली होती, आणि ती कोणाची आहे हे मला ठाऊक होते. गुण मी जाणूनबुजून कमी दिले. नंतर ज्यांची ती होती त्यांनाच हसत हसत म्हणालो, "मी अक्षर ओळखलंच नाही." ही गोष्ट मी कोणालाही, अगदी माझ्या बायकोलासुद्धा, सांगितली नव्हती.

ते कोणी विद्यार्थी नव्हते. लोणावळ्याच्या आमच्या महाविद्यालयात ते माझ्या आधीपासून इंग्रजी शिकवत होते. मी नोकरीला लागलो तेव्हा बी.ए.च्या इंग्रजीच्या वर्गाचा निम्मा भार त्यांच्याकडे होता, उरलेला माझ्याकडे आला. मी त्यांना सर म्हणत असे. इथेही सरच म्हणेन.

लोणावळ्यात पावसाळ्यात छत्री कोण बाळगत नाही? सर ती डिसेंबरच्या लख्ख उन्हातही घेऊन येत. त्यांची छत्री पावसासाठी नव्हतीच. वर्गात शिरले की ते ती उघडत, टेबलावर उलटी ठेवत आणि म्हणत, "चला, दान टाका." मग मुलेमुली रांगेने येऊन आपापली पेने त्या छत्रीत टाकत. पेने जमा झाली, लिहून घ्यायचा मोह संपला, की कवितेच्या प्रती वाटल्या जात. कवीच्या नावावर सरांनी स्वतः खळ लावून वर्तमानपत्राची पट्टी चिकटवलेली असे. एखादा द्वाड मुलगा कागद खिडकीच्या उजेडाला धरून नाव वाचू पाही. सर त्याला अडवत नसत.

"वाच, वाच. दिसलं नाव? आता कवितेला राम राम कर. आता ती तुला दिसायची नाही."

"सर, पण नाव कळलं तर मदतच होईल ना?"

"अनोळखी माणूस दारात आला तर आधी काय करायचं? पाणी द्यायचं. बसू द्यायचं. नाव-गाव मग. आधी पाणी, मग नाव."

हे त्यांचे ठरलेले वाक्य होते. एकदा शिक्षकांच्या खोलीत इतिहासाच्या प्राध्यापकांनी त्यावर विनोद केला, "आम्ही बुवा आधी आडनाव विचारतो." सगळे हसले, मीही हसलो. सरही हसले आणि चहा ढवळत म्हणाले, "ठाऊक आहे मला. म्हणूनच तुमच्याकडे कविता फिरकत नाहीत."

परीक्षेच्या पेपरात शेवटचा प्रश्न असा असे, की पूर्वी कधीही न शिकवलेली एक इंग्रजी कविता छापलेली, वर शीर्षक नाही, खाली नाव नाही, आणि तिच्यावर भाष्य लिहायचे. मुले या प्रश्नाला 'अनसीन' म्हणत आणि त्याला फार भीत. कामशेतच्या, मळवलीच्या, पवनेकडच्या खेड्यांतून आलेली मुले. इंग्रजीशी त्यांचे आधीच जेमतेम. ती बाजारातले गाईड आणून उपमा, अनुप्रास, कवितेचा सूर असे मुद्दे घोकत आणि कोणत्याही कवितेवर तेच मुद्दे उलटेसुलटे ओतत. सरांनी त्यांच्या हाती तीनच प्रश्न दिले होते. कोण बोलतंय? कोणाशी बोलतंय? आणि काय बोलायचं टाळतंय? तिसरा प्रश्न विचारताना ते आवाज इतका खाली आणत, की मागच्या बाकावरची मुले पुढे झुकत.

"आणि जे कळलं नाही, ते कळलं नाही असं सरळ लिहा," ते म्हणत. "पण नेमकं कुठे कळलं नाही, त्या जागेवर बोट ठेवा. बोट ठेवता आलं, की अर्धी कविता तुमची."

एखादी ओळ त्यांना अडवी, तेव्हा मात्र त्यांचे प्रमाण मराठी आणि प्रमाण इंग्रजी दोन्ही गळून पडत. "आरं, थांबा, थांबा. हितं काय तरी हाय," असे म्हणून ते खिडकीपाशी जाऊन उभे राहत. जुलैचे धुके त्या खिडकीतून थेट वर्गात येई. फळा दिसेनासा होई, मग सर दिसेनासे होत. मुले गप्प बसून राहत. ती शांतता मी कितीदा तरी शेजारच्या वर्गातून ऐकली आहे. माझ्या वर्गात मुले गप्प बसत तेव्हा ती कंटाळलेली असत. भिंतीपलीकडची शांतता वेगळी होती, आणि मला ती हवी होती.

एका पावसाळ्यात ते वर्गाला सोमवारी सकाळी भुशी धरणावर घेऊन गेले. मला त्यांनी मुलींवर लक्ष ठेवायला म्हणून सोबत घेतले, प्रत्यक्षात माझ्यावर लक्ष ठेवायला मुली होत्या, कारण शेवाळावरून मीच घसरत होतो. रविवारची गर्दी ओसरलेली, धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी एकटेच उतरत होते. सर म्हणाले, "इथे आत्ता कोणी नाही. काल कोण होतं ते सांगा. जे दिसतंय तेवढ्यावरून."

मुले पांगली. चघळून टाकलेली मक्याची कणसे, केसांची एक पिन, फुटका चष्मा, ओला टॉवेल. एका मुलीला दगडांच्या फटीत लहान मुलाची एकच चप्पल सापडली आणि ती रडायलाच लागली. "सर, पोर वाहून गेलं असेल हो!"

"चप्पल आहे, एवढंच म्हण," सर म्हणाले. "रडायचं तर मागाहून रड. आधी पट्टा बघ. तुटलाय का?"

"तुटलाय."

"मग?"

ती विचार करू लागली. "मग... तुटली म्हणून आईनं टाकून दिली असेल. दुसरी पण इथंच असेल."

दुसरी वरच्या पायरीवर मिळाली. मुलीच्या चेहऱ्यावर असे काही हसू फुटले, की जणू खरेच कोणीतरी वाचले. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा, हे सगळं अनसीनच. आधी पाहायचं, मग म्हणायचं. लोक उलट करतात."

आता त्यांच्या सर्वांत विचित्र रिवाजाबद्दल सांगतो, कारण माझा अपराध त्यातूनच घडला. महाविद्यालयाच्या अंतर्गत परीक्षेत सर स्वतः मुलांबरोबर शेवटच्या बाकावर बसत आणि त्या न पाहिलेल्या कवितेवर उत्तर लिहीत. कविता दुसऱ्याने निवडायची, सरांना आधी दाखवायची नाही. उत्तरपत्रिकेवर ते कुठला तरी न दिलेला परीक्षा क्रमांक घालत. मुलांच्या गठ्ठ्यात ती मिसळून तपासायला जाई. प्राचार्यांनी एकदा विचारले, "अहो, या वयात परीक्षा कसली देता?" सर म्हणाले, "पोहायला शिकवणाऱ्यानं वर्षातनं एकदा तरी खोल पाण्यात उतरावं." निकालाच्या दिवशी ते मुलांच्या रांगेत उभे राहून आपला पेपर घेत. चांगले गुण मिळाले, तर दिवसभर त्यांची छत्री हातात गरगर फिरत असे.

आमचे जुने विभागप्रमुख निवृत्त झाल्यावर ही कविता निवडण्याचे आणि पेपर तपासण्याचे काम माझ्याकडे आले. पहिली काही वर्षे मी ते सरळपणाने केले. मग माझ्यात काहीतरी आंबत गेले. मुले माझ्या तासाला टिपणे मागत आणि सरांच्या तासानंतर जिन्यात उभी राहून भांडत, 'तो माणूस कोणाशी बोलत होता' यावर. मला मत्सर वाटू लागला. त्या मत्सरात आणखी एक मळका धागा होता, तोही आज लपवत नाही. मी तळेगावचा. आमच्या घरी आजोबांच्या काळापासून इंग्रजी वर्तमानपत्र येत असे. इंग्रजी आपल्याकडे वारशाने आले आहे, अशी माझी समजूत होती. सर पवनेकडच्या तिकोणा पेठ या खेड्यातले. त्यांचे आजोबा गावच्या पाणवठ्याला हात लावू शकत नव्हते, वडील दुसऱ्यांच्या भातखाचरांत राबले, आणि घराने बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा सर पाळण्यात होते. त्यांचे वाचन माझ्यापेक्षा खोल आहे हे मला रोज दिसत होते, आणि ते त्यांच्याकडे असावे हे मला खुपत होते. 'आधी पाणी' हे वाक्य त्या माणसाच्या तोंडी कुठून आले असेल, याचा विचार मी त्या वयात एकदाही केला नाही.

त्या वर्षी मी एका जुन्या इंग्रजी मासिकातून एक छोटी कविता निवडली. एक व्यक्ती दुपारी आपल्या फाटकाच्या बिजागरीत तेल घालते. फाटक फार करकरत असे. आता ते आवाज न करता उघडते, मिटते. शेजारी खूश आहेत. ती व्यक्ती तेलाची बाटली फळीवर ठेवते, हात पुसते आणि आत जाऊन खिडकीकडे पाठ करून बसते. एवढेच. मी नमुना उत्तर तयार केले होते: श्रमाचा आनंद, घराची निगा, तृप्त सूर, ध्वनीच्या प्रतिमा.

सरांचे उत्तर जेमतेम दीड पानाचे होते. ते पहिल्याच ओळीत ओळखू आले. त्यांची अक्षरे उजवीकडे झुकलेली असत, वाऱ्यात चालणाऱ्या माणसासारखी. त्यांनी लिहिले होते, की हे तेल गंजासाठी घातलेले नाही. करकर वाजली की ही व्यक्ती खिडकीतून बघत असणार, कोणीतरी आले म्हणून. पण हवे ते माणूस कधी येत नसणार. आता तिला बघायचे नाही, म्हणून तिने आवाजच बंद केला आहे. खिडकीकडे पाठ केली आहे, पण ती खिडकीपाशीच बसली आहे का, हे कवितेत दिलेले नाही. आणि शेवटी: 'ती कोणाची वाट पाहत होती, हे मला कळत नाही. ते कळू नये अशीच कवितेची इच्छा असावी.'

वाचून मी कविता पुन्हा उघडली. ती बदलली होती. मी स्वतः निवडलेली, नमुना उत्तर लिहिलेली कविता मी पाहिलीच नव्हती. त्या क्षणी उठून शेजारच्या खोलीत गेलो असतो आणि 'सर, तुम्ही हे कसं पाहिलंत?' एवढे विचारले असते, तर माझे आयुष्य निराळे झाले असते. मी लाल पेन उचलले आणि दहापैकी तीन गुण दिले.

तिथेही थांबलो नाही. पेपर वाटण्याच्या दिवशी, 'उत्तर कसं लिहू नये' याचा नमुना म्हणून मी तो वर्गात मोठ्याने वाचला. नाव घेतले नाही. 'मला कळत नाही' या वाक्यावर आवाज किंचित लांबवला. मुले हसली. सर शेवटच्या बाकावर बसले होते, आपला पेपर घ्यायला आलेले. मी वाचतोय तो पेपर त्यांचा आहे, याची मुलांपैकी कोणाला कल्पना नव्हती, मला होती.

मग ते रांगेतून पुढे आले. पेपर हातात घेऊन, एखाद्या विद्यार्थ्याच्या अदबीने त्यांनी विचारले, "सर, हितं माझं कुठं चुकलं?"

ते मला सर म्हणाले.

मी म्हणालो, "वाट पाहणं हा शब्दच कवितेत कुठे नाही. मजकुरात आधार नाही." आणि मग कपाळाला हात लावून, "अरेच्चा, तुमचा होता का हा? मी अक्षर ओळखलंच नाही!"

त्यांनी पेपरकडे बराच वेळ पाहिले. "खरंय," ते म्हणाले. "शब्द नाही तिथं."

पुढच्या परीक्षेला शेवटचा बाक रिकामा राहिला. सत्राच्या सुरुवातीलाच त्यांनी मला बोलावून सांगितले होते, "अनसीन आता तुम्ही शिकवा. माझी नजर नसलेलं बघायला लागलीये. पोरांचं नुकसान नको." मी 'छे, छे' म्हणालो. फार जोर लावून म्हणालो नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी पहिल्या वर्षाला व्याकरण शिकवले. छत्री पावसाळ्यात आणत, पावसापुरती.

मी अनसीन शिकवले. मुद्दे फळ्यावर लिहून दिले, मुलांनी उतरवून घेतले, निकाल उत्तम लागले. माझ्या वर्गाच्या खिडकीतूनही धुके येत असे. मुली सर्दी होते म्हणून खिडकी लावून घेत. आताची मुले मोबाइलवर कविता घालून भाष्य तयार करून मागतात. ते माझ्या मुद्द्यांसारखेच असते, थोडे अधिक सफाईदार, म्हणून त्यांना रागावायला माझे तोंड उरत नाही. यंदा पेपर तपासताना माझ्या ध्यानात आले, की गठ्ठ्यातल्या एकाही उत्तरात 'मला कळत नाही' हे वाक्य नाही. मागची वर्षे आठवून पाहिली. मी अनसीन शिकवू लागल्यापासून कधीच नव्हते. मीच ते हसून घालवले होते. मला भिंतीपलीकडची ती शांतता इतकी आठवली, की हातातला गठ्ठा तसाच राहिला.

गेल्या रविवारी मी कामशेतला उतरलो आणि पवनेकडच्या जीपमध्ये बसून तिकोणा पेठेला गेलो. सरांचे घर गावाच्या कडेला, गडाच्या पायथ्याशी. अंगणाला लोखंडी फाटक. मी त्यावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिलो. मग ढकलले. ते असे करकरले, की दोन घरे पलीकडचे कुत्रे भुंकले.

ओट्यावर खुर्चीत सर बसले होते. काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे, हे मला ऐकून ठाऊक होते. पाहणे निराळे. त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"कोण? थांबा, सांगू नका." त्यांचा चेहरा उजळला होता. "बूट घातल्यात. म्हंजी शेतातला न्हाई. फाटकाशी लय वेळ थांबला. म्हंजी यावं का न्हाई, ते ठरत नव्हतं."

आतून त्यांची पुतणी पदराला हात पुसत बाहेर आली. "या भाऊ, बसा. नानांचं आसंच आस्तंय, आलेल्याला नाव सांगू देत न्हाईत. आन् त्ये फाटक! तेल घाला, तेल घाला म्हणून मी दमले. घालू देतील तर शपथ."

"राहू दे गं," सर म्हणाले. "कुणी आलं तर कळतं तरी." मग हात हलवून, "पानी दे आधी त्यांना. नाव मागनं बघू."

तिने तांब्या-भांडे आणून दिले. मी पाणी प्यालो. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याखाली खुंटीला ती छत्री टांगलेली होती, एक काडी मोडलेली.

सर वाट पाहत होते. मग त्यांनी एक बोट वर केले, जसे वर्गात करत तसे, आणि आवाज खाली आणला. मी नकळत पुढे झुकलो.

"बरं," ते म्हणाले. "कोण बोलतंय? कुणाशी बोलतंय? आन् काय बोलायचं टाळतंय?"

पुतणी दारात उभी होती. ती आत जाईपर्यंत थांबावे, असे एकदा मनात आले. मी थांबलो नाही. तो पेपरही मी सगळ्यांसमोर, मोठ्यानेच वाचला होता.

"मी बोलतोय, सर. महाविद्यालयातला तुमचा धाकटा सहकारी. तुमच्याशी बोलतोय. त्या दिवशी मी अक्षर ओळखलं होतं. पहिल्या ओळीतच ओळखलं होतं. तुमचं काही चुकलं नव्हतं, सर, तुमची नजर शाबूत होती. ती व्यक्ती वाट पाहत होती. मला त्याच दिवशी दिसलं होतं, आणि तरी मी वर्गासमोर तुमचं हसं केलं. मला माफ करा."